‘कागद बोट चालवतो का?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टार आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. तक्रार थोडक्यात अशी की, भाड्याच्या यॉटचे पूर्ण पैसे भरूनही शनिवारी ग्रीसमधल्या लेफ्काडा बेटाच्या धक्क्यावर लायसन्स नाही म्हणून बोट तुमच्या ताब्यात दिली नाही आणि आठवडाभर ग्रीक स्किपर (बोटीचा कप्तान) गळ्यात मारला. मुंबईत १२ वर्षं शिडाची होडी चालवलीय, कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सला कुणी कागद मागितला नव्हता, म्हणजे हा सगळा स्किपरचे पैसे उकळायचा धंदा, असं तुमचं म्हणणं.

आधी आमची चूक. आमच्या बुकिंग फॉर्मवर ‘अनुभव किती वर्षं?’ एवढंच विचारलं होतं. प्रमाणपत्राची प्रत मागितली ती ॲडव्हान्स घेतल्यानंतर, तीही एका लांबलचक मेलच्या तळाशी. तुमचं उत्तर आलं नाही तेव्हा फोन करायला हवा होता, तो केला नाही.

पण धंद्याचं म्हणाल तर ते मान्य नाही. स्किपरचे पैसे तुम्ही त्याच्याच हातात दिलेत, त्यातला एक युरोही आमच्याकडे येत नाही.

व्हर्जिन आयलंड्सबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे सरकार लायसन्स मागत नाही. बोट भाड्याने देणारी कंपनी तुमचा सेलिंगचा अनुभव लिहून घेते, शंका आली तर सोबत माणूस देऊन बघते. ग्रीसमध्ये हे कंपनीच्या हातात नाही. करारावर स्किपर म्हणून ज्याचं नाव, त्याचं मान्य प्रमाणपत्र लागतं, शिवाय बोटीवर दुसरा एक जाणकार माणूस हवा. क्रोएशियात तर व्हीएचएफ रेडिओचं (बोटीवरून बोलायच्या वायरलेसचं) प्रमाणपत्रही बघतात. कागदाशिवाय बोट सोडली आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करते आणि बोटीचा मालक अडकतो.

तुम्ही विचारलंय, कागद बोट चालवतो का? नाही चालवत. माझे आजोबा तांडेल होते, त्यांच्याकडे कसलाच कागद नव्हता. पण ते ज्या होडीवर वाढले तीच होडी चालवायचे. तुमची १२ वर्षं लहान होडीवरची आहेत. ती उलटली तर माणूस हसत वर येतो. ४० फुटी यॉटचं वजन आठ-नऊ टन, तिला ब्रेक नाही. रिव्हर्स टाकला की पाण्याखालच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्याने मागची बाजू एकीकडे सरकते. आणि भूमध्य समुद्रात बोट धक्क्याला बहुतेक वेळा मागूनच लावतात: पुढून नांगर सोडायचा, साखळी देत देत मागे यायचं, दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या बोटी. वारा आडवा असेल तर विचारूच नका. फिस्कार्डो बंदरात स्किपरने हे कसं केलं ते तुम्हीच रिव्ह्यूमध्ये कौतुकाने लिहिलंय!

पुढच्या खेपेला स्किपर नको असेल तर आरवायए (ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन) या संस्थेचा डे स्किपरचा प्रॅक्टिकल कोर्स करा, पाच दिवसांचा असतो. आधी यॉटवरचे पाच दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे चार तास गाठीशी हवेत. शिडात तुमचा हात बसलेला आहे, तुम्हाला जड जाणार नाही. आयसीसी (क्रिकेटवाली नव्हे, बोट चालवण्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) असेल तर ग्रीसमध्ये तीही चालते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये ग्रीसच्या सिक्लाडीज बेटांना जाऊ नका, तिथला मेल्टेमी वारा सहा-सात बोफोर्टने (वाऱ्याच्या जोराचं माप, म्हणजे चांगलाच जोरात) दिवसचे दिवस वाहतो. पुन्हा लेफ्काडाच्या बाजूला, आयोनियन समुद्रातच या.

फॉर्म आता बदललाय. प्रमाणपत्र जोडल्याशिवाय किंवा ‘स्किपर हवा’ यावर खूण केल्याशिवाय पैसे भरायचं पान उघडत नाही. स्किपरवर झालेल्या खर्चातला निम्मा आम्ही देतो. उरलेला निम्मा मात्र तुमच्याकडे, कारण मेल तुम्हाला पोचला होता. खाते क्रमांक मेलवर पाठवा, इथे लिहू नका.