सहावीतल्या मुलांना खेळाचे कोणते पुस्तक द्यावे?

आमच्या कराडच्या कट्ट्यावर सहसा एक विषय दोन दिवस टिकत नाही, पण हा विषय आठवडाभर पुरला. एका शाळेने पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी खेळांच्या पुस्तकांचे वेगळे कपाट करायचे ठरवले आणि यादी करण्याचे काम आमच्यातल्या क्रीडाशिक्षक सरांकडे आले. सरांनी कच्ची यादी कट्ट्यावर वाचून दाखवली. एखाददुसरे पुस्तक सोडले तर सगळी चरित्रे होती. वकीलसाहेबांना त्यात काही वावगे दिसले नाही. माझे पुस्तकांचे दुकान असल्यामुळे ही पुस्तके रोज माझ्या हाताखालून जातात, आणि म्हणूनच मला ती यादी मान्य होईना.

माझे म्हणणे मी पहिल्याच संध्याकाळी मांडले. ही पुस्तके खेळाडूंची आहेत, त्यांत खेळ फार थोडा आहे. खेड्यातला जन्म, घरची ओढाताण, जिद्द, गुरूंची भेट, पदक, सत्कार आणि शेवटच्या पानावर पुरस्कारांची यादी, असा एक ठरलेला साचा आहे. त्यात मल्लाच्या जागी धावपटू घातला आणि धावपटूच्या जागी नेमबाज घातला, तरी दहातली आठ पाने बदलावी लागत नाहीत. ज्या मुलाने आज दुपारीच मैदानावर झेल सोडला आहे, त्याला त्या क्षणाविषयी सांगणारे या पुस्तकांत काहीच नसते.

वकीलसाहेब म्हणाले, "अकरा-बारा वर्षांच्या मुलापुढे आदर्श ठेवायचा नाही, तर काय ठेवायचे? आपल्या शेजारी गोळेश्वर आहे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव त्या मातीतले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. हे मुलांना सांगायचे नाही का?"

सांगायलाच हवे, आणि आमच्यापैकी कोणाचाही त्याला विरोध नव्हता. माझा प्रश्न पुढचा होता. घर गहाण पडले, पैसे जमले, खाशाबा हेलसिंकीला पोहोचले. मग तिथे मॅटवर काय झाले? त्या पुस्तकांत एवढेच लिहिलेले असते, की त्यांनी चुरशीच्या लढती देऊन कांस्यपदक पटकावले. खरे तर सगळ्यांत विलक्षण गोष्ट त्या एका वाक्यात दडपलेली आहे. जपानच्या शोहाची इशीईशी त्यांची प्रदीर्घ कुस्ती झाली आणि ती त्यांनी गमावली. ती संपताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हविरुद्ध उतरायला सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी असा नियम होता, पण तो नियम दाखवून भांडायला त्या वेळी एकही भारतीय पदाधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. इशीईला सुवर्ण मिळाले, मामेदबेकोव्हला रौप्य, आणि खाशाबांना कांस्य. सातवीतल्या मुलाला हा प्रसंग नीट उलगडून सांगितला, तर तो नियम म्हणजे काय, थकवा म्हणजे काय आणि आपल्या बाजूने बोलणारे कोणी नसणे म्हणजे काय, हे एका बैठकीत समजून घेईल.

इथे बापू बोलू लागले. बापूंनी तरुणपणी तालमीत बरीच वर्षे घालवली आहेत आणि ते एरवी वादात पडत नाहीत. ते म्हणाले, की या गोष्टीचा अर्धा भाग तर १९४८ च्या लंडनमध्येच आहे. खाशाबा तिथे सहावे आले, पण तोवर त्यांना मॅटची सवय नव्हती. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेले असते. ती माती पावलाला धरते, अंगाला चिकटते, पडणाऱ्याला सांभाळून घेते. मॅटवर पायाचा अंदाज वेगळा आणि हाताची पकड वेगळी. शिवाय मातीतल्या कुस्तीचा निकाल म्हणजे पाठ लागणे; चितपट झाली की संपले, आणि नाही झाली तर जत्रेच्या मैदानात बरोबरीत सोडवतात. मॅटवर प्रत्येक हालचालीचे गुण धरतात. "ज्या पोराला लहानपणापासून आस्मान दाखवायला शिकवले आहे," बापू म्हणाले, "त्याला एकेक गुण साठवत लढायला शिकणे किती जड गेले असेल, हे तुमच्या कोणत्या पुस्तकात लिहिले आहे ते मला दाखवा." वकीलसाहेबांना दाखवता आले नाही. मलाही आले नसते.

बापूंचा मुद्दा मला या सगळ्या चर्चेचा गाभा वाटतो. मुलांच्या पुस्तकात कठीण तपशील नको, ते कंटाळतात, अशी एक समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. खेळणाऱ्या मुलाला तपशिलाचा कंटाळा येत नाही. त्याला ढाक आणि कलाजंग या कुस्तीच्या डावांतला फरक हवा असतो, आणि समोरच्याचा एक पाय धरून एकेरी पट काढताना डोके कोणत्या बाजूला ठेवायचे हे हवे असते. मोठ्यांना जे किचकट वाटते, नेमके तेच तो मधल्या सुट्टीत मित्राला करून दाखवतो. मराठीत असे लिहिण्याची परंपरा नाही असेही नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला, आणि व्यायामाचे व खेळांचे तपशील हा थोर अभ्यासाचा विषय मानूनच तो केला. तो मोठ्यांसाठी होता हे खरे. पण त्या दृष्टीचा वारसा मुलांच्या पुस्तकांत उतरायला हवा होता, आणि तो उतरला नाही याची मला मनापासून खंत आहे.

सरांची अडचण मात्र वेगळीच होती. ते म्हणाले, की दिवसभर मैदानावर असणारी मुले मुळात पुस्तकाला हात लावत नाहीत आणि चरित्र असो वा कादंबरी, जाड पुस्तक पाहिले की मागे सरकतात. पण आकडे ती तोंडपाठ करतात. धडा वाचताना अडखळणारा मुलगा धावसंख्येचा तक्ता मात्र सरसर वाचतो. म्हणून विक्रमांची, नियमांची आणि चित्रांची पुस्तके आधी ठेवावीत, बाकीचे मागून यावे.

मला हे पटते, एका पुरवणीसह: आकड्याच्या मागे माणसे असतात, आणि पुस्तकाने मुलाला आकड्यापासून त्या माणसांपर्यंत न्यावे. उदाहरण म्हणून मी कल्याणचा तो सामना पुढे केला. जानेवारी २०१६ मध्ये प्रणव धनावडेने आंतरशालेय स्पर्धेत नाबाद १००९ धावा केल्या आणि ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ सालचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. हा आकडा पोरांना माहीत असतो. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला आणि समोरचा संघ पहिल्या डावात ३१ धावांत बाद झाला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. आता ते दोन दिवस क्षेत्ररक्षण करणाऱ्या एखाद्या मुलाच्या बाजूने लिहा. चेंडू पुन्हा डोक्यावरून गेला आहे, तो आणायला पुन्हा सीमेपार धावायचे आहे, गोलंदाजाला काय सांगावे हे कोणालाच सुचत नाही, आणि तरीही पुढचा चेंडू टाकायचाच आहे. माझ्या मते ही पाचवी ते आठवीच्या वयासाठी उत्तम कादंबरी होईल, कारण या वयातला बहुतेकांचा खेळ असाच असतो.

"हरणाऱ्यांची गोष्ट मुले कशासाठी वाचतील?" असे वकीलसाहेबांनी विचारले. सरांनीच उत्तर दिले. शाळेच्या संघात पंधरा मुले घेता येतात, तर निवडीच्या दिवशी साठ-सत्तर येतात. उरलेली मुले पाणी देतात, गुण लिहितात किंवा गुपचूप घरी जातात. शिक्षक म्हणून त्या संध्याकाळी त्यांच्याशी काय बोलावे हे सरांना अजूनही अवघड जाते. या मुलांच्या हाती द्यायला एखादे पुस्तक असते, तर फार बरे झाले असते, असे ते म्हणाले, आणि त्यानंतर वकीलसाहेबांनी तो मुद्दा ताणला नाही.

कादंबरी म्हणजे हलके वाचन, असा एक आक्षेप त्यांनी काढलाच. त्याला आमच्या ग्रंथपाल ताईंनी परस्पर उत्तर दिले. अमेरिकेत मुलांच्या साहित्यासाठी दिले जाणारे न्यूबेरी पदक २०१५ साली क्वामी अलेक्झांडर यांच्या 'द क्रॉसओव्हर' या कादंबरीला मिळाले. ती बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या भावांची आणि त्यांच्या वडिलांची गोष्ट आहे आणि ती संपूर्ण कवितेत लिहिलेली आहे. चेंडूचा वेग त्या ओळींच्या मांडणीतच उतरवला आहे. खेळाच्या गोष्टीला वाङ्मयीन मोल नसते, असे म्हणणाऱ्यांनी ती एकदा चाळावी, एवढेच त्या म्हणाल्या.

पण ताईंचा खरा आग्रह मुलींसाठी होता, आणि तो सगळ्यांनी ऐकून घ्यावा अशा रीतीने त्यांनी मांडला. पाचवीत मुलामुलींचा घोळका सारखाच मैदानावर दिसतो. आठवीपर्यंत मुली ओळीने गळत जातात. पाळी सुरू झालेली असते, शाळेत स्वच्छतागृह धड नसते, पळताना अंगाकडे कोणी पाहील याचा संकोच असतो, आणि घरून "आता पुरे" असे सांगितलेले असते. यातले एक अक्षरही खेळाच्या पुस्तकात येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवते, आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी येते. मुलींना पदकाचा रंग कळतो; पण या धावपटू तेरा वर्षांच्या असताना मैदानावर कशा टिकल्या असतील, हा प्रश्न विचारायलाही कोणी जागा ठेवत नाही.

ताईंच्या बोलण्यावरून खो-खोचा विषय निघाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळवले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. त्या दिवसांत दोन पालक माझ्या दुकानात मुलांसाठी खो-खोचे पुस्तक मागायला आले होते. मला नियमांची एक पुस्तिका दाखवता आली; गोष्ट दाखवता आली नाही. खरे तर गोष्ट लिहायला इतका अनुकूल खेळ शोधून सापडणार नाही. सरांनी कट्ट्यावरच बोटाने रेघ ओढून ते समजावले. आठ जणी आळीपाळीने उलट्या दिशांना तोंड करून बसलेल्या आहेत. पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली, की खांबापर्यंत तिला वळता येत नाही आणि मधली पाटी तर ओलांडताच येत नाही. पळणारीला मात्र दोघींच्या मधून कुठूनही निसटता येते. म्हणजे पळणारीच्या डोक्यात क्षणोक्षणी हिशेब चालू असतो, की आता खो कोणाला मिळेल, तिचे तोंड कुठे आहे आणि मी बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळण्याची साखळी चालू ठेवू की गोल फिरून रिंगण घेऊ. तो हिशेब दोन पानांत लिहून दाखवा, सर म्हणाले, मग मुले पुस्तक खाली ठेवतात का ते पाहू.

एका मुद्द्यावर आमचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. मी पळवणकर बाळूंचे नाव यादीत हवे असा हट्ट धरला. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची कामे करता करता फिरकी गोलंदाजी घोटून घेतलेला, चर्मकार समाजातला हा खेळाडू १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. त्याच बाळूंना पुण्याच्या हिंदू संघात खेळताना चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जात असे. पुढे १९२३ साली त्यांचे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. वकीलसाहेबांचे मत असे, की इतक्या लहान वयात जातीचा विषय काढून खेळाचा आनंद का नासवावा. मला वाटते, की ज्या मुलाला संघात का घेतले नाही याचे खरे कारण कोणी सांगत नाही, त्याला हा विषय आधीच ठाऊक असतो. ज्याच्या चेंडूवर सामना जिंकायचा, त्याला आपल्या शेजारी बसवून चहा द्यायचा नाही, यातला अन्याय बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, कारण खेळातला न्याय-अन्याय हा त्याचा रोजचा विषय आहे. बाळूंच्या गोलंदाजीविषयी भरभरून लिहावे आणि तो चहाही लिहावा. एक गाळून दुसरे लिहिलेले पुस्तक मी माझ्या दुकानात पुढे मांडणार नाही.

शनिवारी सरांनी यादी नव्याने केली. चरित्रे निम्म्यावर आली, नियमांची आणि विक्रमांची पुस्तके वाढली, 'किशोर' मासिकाच्या जुन्या अंकांतून खेळांवरचे लेख व गोष्टी निवडून त्यांचा एक संच करायचे काम ताईंनी अंगावर घेतले. मुलींसाठीच्या गोष्टींच्या सदरात एकही मराठी नाव भरता आले नाही, तेव्हा सरांनी ती जागा कोरीच ठेवून शाळेला तसे लेखी कळवायचे ठरवले. वकीलसाहेबांनी बाळूंच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढले, मी ते खोडले, आणि तो निर्णय शाळेवर सोडला. बापूंनी यादी वाचून एकच अट घातली: उद्या कोणी खाशाबांवर नवे पुस्तक काढणार असेल, तर त्याच्या चित्रकाराने आधी चार दिवस पहाटे तालमीत येऊन बसावे, कारण आतापर्यंत पाहिलेल्या एकाही चित्रात ढाक मारणाऱ्याचा पाय बरोबर जागी नव्हता.