सोडायला-आणायला कोण येणार?

गेल्या डिसेंबरात थोरल्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या, सहस्रचंद्रदर्शनासाठी मी लंडनहून कराडला गेले होते. होमहवन झाले, ८१ दिव्यांनी औक्षण झाले आणि पंगत बसल्यावर, मसालेभात वाढून होईपर्यंत, विषय एसटीवर आला. पंच्याहत्तरी पुरी केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे तिकीट आहे आणि मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. या सवलतींमुळे महामंडळाला रोज तीन कोटींचा तोटा होतो, असे परिवहनमंत्री २०२५ च्या फेब्रुवारीत म्हणाले होते, आणि तेव्हापासून ‘ही रेवडी आता पुरे’ असे म्हणणाऱ्यांना एक आकडा मिळाला आहे. माझा भाचा बँकेत आहे. आकडा हाती आला की तो सोडत नाही. तो म्हणाला, “मावशी, आईला चांगली पेन्शन आहे. तिला फुकट तिकीट कशाला? आणि तिला कुठे जायचे असले तर मी आहे की गाडीने सोडायला.”

अक्का शेजारीच बसली होती. ताटातून मान वर न करता ती म्हणाली, “तू आहेस रे, पण तुझा रविवार कुठे असतो?”

पंगतीत हशा पिकला आणि विषय तिथेच राहिला. मी मात्र तो बरोबर घेऊन परत आले, कारण हॅरोच्या माझ्या घरातही हाच प्रश्न वेगळ्या नावाने रोज उभा असतो. काचबिंदू झाल्यापासून मी गाडी चालवत नाही. मुलगी आणि दोन नातू राहतात क्रॉयडनला, म्हणजे लंडनच्या पार दुसऱ्या टोकाला. जावई भला माणूस आहे, ‘आई, मी न्यायला येतो’ असे तो मनापासून म्हणतो. पण न्यायला येणाऱ्या माणसाच्या सोयीने नातवंडांना भेटायचे म्हणजे आपल्याच माणसांकडे पाहुणी होऊन जायचे. कुणी आणले की जायचे, कुणी निघाले की निघायचे. म्हातारपणी माणूस एकटे पडते ते बहुधा असे, प्रेम आटल्यामुळे नव्हे.

माझी सुटका केली ती एका कार्डाने. लंडनमध्ये निवृत्तिवेतनाच्या वयाला पोचलेल्या रहिवाशांना ‘फ्रीडम पास’ मिळतो. ही योजना १९७३ पासून चालू आहे आणि तिचा खर्च इथल्या स्थानिक पालिका उचलतात. कामाच्या दिवशी ते कार्ड भुयारी रेल्वेला आणि बसला सकाळी ९ नंतर चालते, तर मोठ्या रेल्वेला बहुतेक ठिकाणी ९:३० नंतर. माझा गुरुवार या दोन वेळांवर बेतलेला असतो. नऊ वाजून गेले की हॅरो-ऑन-द-हिलला मेट्रोपॉलिटन लाइनची भुयारी गाडी धरायची. फॅरिंग्डनला उतरेपर्यंत साडेनऊ होऊन गेलेले असतात, तिथे त्याच स्थानकात थेम्सलिंकची, म्हणजे मोठ्या रेल्वेची, गाडी मिळते आणि ती थेट ईस्ट क्रॉयडनला नेते. पिशवीत थालीपिठे असतात, उन्हाळ्यात नातवांसाठी साखरआंबा. शाळा सुटताना मी फाटकाशी उभी असते. मग ट्रामने कुठेतरी जायचे, कधी बागेत, कधी नुसतेच शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत. धाकट्याला ट्राम वळताना होणारा आवाज ऐकायचा असतो. ही आमची सहल. तिला पैसा लागत नाही आणि, त्याहून महत्त्वाचे, परवानगी लागत नाही.

इथेही या पासवर वाद आहेच. वर्षाला तीस कोटी पौंडांहून अधिक खर्च, आणि त्यातले कितीतरी म्हातारे चांगले सधन. मग तरुणांनी त्यांचा भार का वाहावा, असे विचारले जाते. लंडनबाहेर नऊ-साडेनऊच्या आधीच बसथांब्यावर येऊन ‘फार लवकर आले का मी?’ असे विचारणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना चालकांनी ‘ट्विर्ली’ असे नावही ठेवले आहे, ‘टू अर्ली’चा अपभ्रंश करून. तेव्हा परदेशात ज्येष्ठांना डोक्यावर घेऊन नाचतात, अशी कुणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. भाच्याचा मुद्दाही मी उडवून लावत नाही. ज्यांना परवडते त्यांनी थोडे द्यावे, हे मला पटते; वर्षाला काही रक्कम भरून पास घ्यायला सांगितले तर मी कुरकुर न करता भरीन. मात्र उत्पन्नाचा दाखला आणा आणि मग सवलत घ्या, ही पद्धत मला नको वाटते, कारण तो दाखला आणायला तहसील कचेरीत जायचे तरी सोडायला-आणायला कोण येणार, हा प्रश्न आहेच.

तरी या वादात दोन्ही बाजू तिकिटापाशीच घोटाळतात, याचे मला नवल वाटते. सहस्रचंद्राच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजणी नृसिंहवाडीला निघालो: अक्का, तिच्या दोन जावा, त्यांची वन्सं, शेजारच्या काकू आणि मी. भाचा गाडी काढतो म्हणत होता, पण सहाजणी एका गाडीत मावेनात आणि दोन गाड्यांत वाटून गेलो तर गप्पा मोडतील, म्हणून एसटीच. कराडच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली आणि अक्काने कापडी पिशवीतून काय काढावे, तर जेवायला बसायचा पाट! तो तिने दारापाशी जमिनीवर ठेवला, त्यावर पाय देऊन पहिली पायरी गाठली आणि मागच्या माणसाकडून पाट वर मागून घेतला. एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्याही वर असते. ८१ वर्षांच्या गुडघ्याला ती चढत नाही. कंडक्टरने आधार कार्ड पाहून शून्य रुपयांचे तिकीट फाडून दिले. ते तिकीट अक्काने सांगलीचा स्टँड येईपर्यंत मुठीत धरून ठेवले होते, जणू हरवले तर पुन्हा पैसे पडतील.

दुसरी गोष्ट मला जावांकडून कळली. प्रवासाच्या दिवशी अक्का सकाळपासून पाणी पीत नाही. स्टँडवरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात पाऊल टाकवत नाही, म्हणून हा उपास. वाडीला पोचल्यावर दर्शन झाले, संगमावर पाय बुडवून झाले, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन झाली, तरी ती घोट घोटच पाणी पीत होती, कारण परतीचा प्रवास होता. सरकारने तिचे तिकीट माफ केले आहे, तहान नव्हे.

आता लंडनची बढाई मारावी असे कुणाला वाटेल, तर तेही तितके सोपे नाही. इथल्या बसगाड्या थांब्यावर येऊन एका बाजूला झुकतात, अक्षरशः उंटासारखे गुडघे टेकतात, आणि हात धरणारे कुणी नसले तरी म्हातारे माणूस सहज आत जाते. पण काही जुन्या गाड्या सोडल्या तर सगळ्या बस अशा सखल तळाच्या झाल्या त्या २००५ च्या अखेरीस. भुयारी रेल्वेची २७२ स्थानके आहेत, त्यांतल्या जेमतेम एक तृतीयांश स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरीविना जाता येते. आमच्या हॅरोच्या स्थानकात लिफ्ट बसून थोडीच वर्षे झाली. त्याआधी डबे घेऊन मी जिन्यात दोनदा थांबत असे. आणि स्वच्छतागृहांचे म्हणाल, तर ती चालवण्याचे कायद्याने कुठल्याच पालिकेवर बंधन नाही, त्यामुळे खर्चकपातीत पहिले कुलूप त्यांनाच लागते. पाण्याचा हिशेब मीही ठेवते, फक्त अक्काइतका कडक नाही.

म्हणून मला विचाराल तर, शून्याचे तिकीट आणि गुडघ्याएवढी पायरी यांपेक्षा अर्धे तिकीट आणि वीतभर पायरी मी पत्करीन. अक्कालाही विचारले, ती म्हणाली, “गाडी वेळेवर आली तर पुरे तिकीटसुद्धा काढीन.” तिच्या धाकट्या जावेच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली आहे. रात्री येऊन पहाटे परत जाणारी ती एकच गाडी होती. त्या गावातल्या पंच्याहत्तरीपुढच्या माणसांचा प्रवास कागदोपत्री मोफत आहे आणि प्रत्यक्षात जीपवाला मागेल तेवढ्याचा आहे. महामंडळाच्या तोट्याच्या हिशेबात अशी न धावलेली गाडी कुठल्या रकान्यात लिहितात, हे भाच्याला विचारायचे राहून गेले. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देते, तेव्हा ते वेळेवर देणे हा सरकारचा प्रश्न आहे. त्याचे ओझे खिडकीशी बसलेल्या म्हातारीच्या डोक्यावर कशाला?

रेल्वेचे तर बोलायलाच नको. तिथे साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. मार्च २०२० मध्ये करोनाच्या निमित्ताने ती गेली. त्यानंतर अक्काने एकट्याने रेल्वेने जाणे सोडले. पैशासाठी नव्हे, असे ती म्हणते. मला ते पूर्ण खरे वाटत नाही.

आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ चा आहे, त्याने पोटगी मागता येते. अक्काला पोटगी नको आहे, भाचा तिचे सगळे नीट करतो. तिला बुधवारी कोल्हापूरला लेकीकडे जायचे असते, कारण बुधवारी नातीचा गाण्याचा क्लास असतो आणि तो संपल्यावर दोघी मिळून भेळ खातात. रविवारी क्लास नसतो.

परवा फोन झाला. मी विचारले, पाट घेऊन जातेस का अजून? ती म्हणाली, “नाही गं. बुधवारच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा झालाय, हात देऊन वर घेतो.” मग जरा थांबून म्हणाली, “त्याची बदली होणार आहे म्हणे जूनमध्ये. पाट टाकला नाहीये मी, दाराआड आहे.”