सडेतोड यांस, दाखल्याबद्दल

सडेतोड यांस, स. न. वि. वि.

खरं नाव दिलं असतंत तर मायन्यात तेच घातलं असतं. पोस्टात एकतीस वर्षं गेली माझी, मायना आणि पत्ता सोडून लिहायला हात धजत नाही. पण तुम्ही पत्ताही दिलेला नाही आणि नावही. नुसतं ‘सडेतोड’. असो.

थेट इथेच येऊन पोचलेल्यांसाठी आधी थोडक्यात. गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की पद्म पुरस्कारांसाठी कुठल्याही नागरिकाला कुणाचंही नाव ऑनलाइन सुचवता येतं, तर प्रत्येकाने आपल्या तालुक्यातलं एक नाव तरी पाठवावं. २०१९ साली मी आमच्या पाटण तालुक्यातल्या एका सुईणबाईंचं नाव पाठवलं, त्याची हकिगतही त्यात होती. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. त्यावर सडेतोड यांची भली मोठी प्रतिक्रिया आली. तिचा सारांश असा: अर्ज करून मिळतो तो सन्मान नव्हे, दाखला. हे पुरस्कार राजकारणी आणि नटनट्यांसाठी आहेत. निवड कशी होते ते कुणी सांगत नाही. बाबा आमट्यांनी पुरस्कार परत केला होता, हे मी सोयीस्कर विसरले. मी नावाआधी ‘पद्मश्री’ लावलं, ते बेकायदा आहे. वर, ‘निवृत्त माणसांना वेळ जात नाही म्हणून हे उद्योग सुचतात.’ आणि सगळ्यात खाली पेपरातल्या एका फोटोबद्दल टोमणा, त्याकडे शेवटी येते.

त्यातलं जे खरं ते आधी मान्य करते, म्हणजे मी हट्टी आहे असं कुणी म्हणायला नको. देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांच्या नावाआधी मी ‘पद्मश्री’ लिहिलं, ते चुकलं. सुप्रीम कोर्टाने १९९५ साली बालाजी राघवन खटल्यात सांगितलंय की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत आणि नावाच्या मागेपुढे ते लावता येणार नाहीत. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता सुराबद्दल. माझ्या लेखावर टीका करायला कुणाचीच हरकत नाही. इथे बी-बियाण्यांच्या लेखावर एका वाचकाने माझे चार मुद्दे खोडून काढले होते, ती प्रतिक्रिया मी वर चिकटवून ठेवली आहे, जाऊन बघा. पण ते गृहस्थ मला ‘उद्योग सुचतात’ असं म्हणाले नव्हते. समोर बसून तुम्ही हे वाक्य बोलला असतात का? माझ्या ओट्यावर, माझा चहा हातात घेऊन? नसतात बोलला. पडद्याआड बसलं की प्रत्येकाला कंठ फुटतो. मला राग आलेला नाही. पण वयाने मोठ्या बाईशी कसं बोलावं हे शाळेत शिकवत नाहीत, घरी शिकवतात, एवढंच.

आणि हो, शब्द ‘सन्मान’ असा आहे. तुम्ही पाचही ठिकाणी ‘सम्मान’ लिहिलंय, ते हिंदीत.

तर तुमचं ते वाक्य. ‘अर्ज करून मिळतो तो सन्मान नव्हे, दाखला.’ खाली सतरा जणांनी त्याला अंगठा दाखवलाय, म्हणजे लोकांना ते आवडलेलं दिसतं. वाक्य ठसकेबाज आहे खरं. पण दाखला या शब्दावर तुम्ही ज्या तुच्छतेने फुंकर मारलीत ना, त्यावरून एवढं कळतं की तुम्हाला आयुष्यात तो कधी रांगेत उभं राहून मागावा लागलेला नाही.

आमचा तालुका मनिऑर्डरीवर जगलेला. बाप्ये मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी माथाडीत. बायका मागे. महिन्याच्या सात-आठ तारखेपासून माझ्या खिडकीपुढे त्या येऊन बसायच्या. मनिऑर्डरीच्या फॉर्मला खाली मजकुराची एक चिंचोळी पट्टी असायची, त्यात नवऱ्याने काय लिहिलंय ते मी वाचून दाखवायची. ‘पोरांना जप, दिवाळीला येतो.’ पुढे त्यातल्याच काही जणी विधवा झाल्या आणि निराधार योजनेसाठी दाखले गोळा करत हिंडल्या. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, हयातीचा दाखला. हो, जिवंत असल्याचाही दाखला लागतो. ते अर्ज मी भरून दिलेत, सुट्टीच्या दिवशी, पोस्टाच्या पायरीवर बसून. त्या बायकांचं दुःख अर्ज केल्याने खोटं झालं नाही. माणूस खरा असतो, कागद नसतो म्हणून तो नसल्यासारखा होतो. अर्ज म्हणजे लाचारी हे समीकरण ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच सुचतं.

आणि अर्ज कुणी केला, हे तुम्ही नीट वाचलंत का? आक्कांनी नाही केला. मी केला. त्यांना विचारलं तेव्हा त्या निवडत होत्या तांदूळ, मान वर न करता म्हणाल्या, ‘मला काय करायचाय त्यो बिल्ला?’ मी म्हटलं, तुम्हाला नको असेल, मला हवाय. हा संवाद लेखात होता. तुम्ही तो गाळून वाचलात.

त्या फॉर्मची गोष्ट आता पुरतीच सांगते, कारण फॉर्म भरणं म्हणजे चुटकीसरशी होणारं काम अशी तुमची समजूत दिसते. पहिलीच अडचण, क्षेत्र कुठलं? यादीत समाजकार्य वेगळं, वैद्यक वेगळं. रात्री दोनला कंदील घेऊन पावसात तीन मैल चढून धनगरवाड्यावर जायचं, नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा फडक्यात बांधून न्यायचा, पहाटे नाळ कापायची, आणि ओटीत नारळ अन् पसाभर तांदूळ घेऊन उतरायचं, हे समाजकार्य की वैद्यक? भाचा लॅपटॉपवर बसला होता, तो म्हणाला, मावशी, एकच निवडता येतं. अर्धा तास आम्ही त्यावर घातला. मग जन्मतारीख. आधारवर १ जानेवारी, म्हणजे कुणीतरी टाकलेली. आक्का म्हणाल्या, ‘धरणाचा भूकंप झाला तवा माजा थोरला रांगत हुता.’ कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. तिथून मागे मोजत बसलो. मग बाळंतपणं किती केली? त्यांना आकडा माहीत नाही, कधी मोजलेच नाहीत. ‘पोरं काय मोजायची असत्यात व्हय?’ म्हणून मी तीन वाड्या पायी फिरले, दारोदार विचारलं, तुम्हाला कुणी सोडवलं, तुमच्या सुनेला कुणी. वहीत दोनशे चौदा नावं झाली, मग गुडघे बोलायला लागले म्हणून थांबले. त्यातली दोन नावं माझ्या घरची आहेत. माझी धाकटी आक्कांच्याच हातावर झाली, पायाळू. ती सुखरूप झाली म्हणून आज मी तुम्हाला उत्तर लिहायला शांतपणे बसले आहे, नाहीतर या विषयावर मी वेगळंच काही लिहिलं असतं.

आणि मग हे सगळं आठशे शब्दांत बसवायचं. कार्याचा गोषवारा आठशे शब्दांच्या वर जात नाही, जाऊ देत नाहीत. मी मराठीत लिहिलं, भाच्याने इंग्रजी केलं, ‘पायाळू’ला त्याला शब्द सापडेना. १५ सप्टेंबर ही शेवटची तारीख होती, आमचं १३ला झालं.

पूर्वी काय होतं ते सांगू? हे पुरस्कार १९५४चे. तेव्हा पद्मविभूषणाचेच तीन वर्ग होते, पहिला, दुसरा, तिसरा, रेल्वेच्या डब्यांसारखे; पुढच्या वर्षी पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री अशी नावं पडली. पहिल्याच यादीत आपले बाळासाहेब खेर होते. पण नावं वर जायची ती मुख्यतः राज्य सरकारं, मंत्रालयं, खासदार यांच्याकडून. म्हणजे ज्याला तुम्ही ‘अर्ज न करता मिळालेला खरा सन्मान’ म्हणता, तो बहुतेकदा कुणाच्या तरी टेबलावरून निघायचा. आमच्या वाडीवरच्या आक्कांना कुठल्या मंत्रालयात कोण ओळखत होतं? ऑनलाइन झालं २०१६पासून, तेव्हा कुठे पोस्टातल्या बाईला हा दरवाजा सापडला. वशिला आणि अर्ज यांत वशिला तुम्हाला जास्त मानाचा वाटत असेल तर बोलणंच खुंटलं. स्वतःच स्वतःचं नाव पाठवता येतं, हेही तुम्ही काढलंत. येतं. मला ते आवडत नाही. पुढे.

बाबा आमट्यांचं म्हणाल तर त्यांना १९७१ साली पद्मश्री आणि १९८६ साली पद्मविभूषण मिळालं, आणि नर्मदेच्या प्रश्नावर त्यांनी ते परत केलं. नर्मदेच्या प्रश्नावर, सडेतोड. पुरस्कार फडतूस असतो म्हणून नव्हे. फडतूस असता तर परत केल्याची बातमीच झाली नसती. खरंच वार करायचा होता तर कृपलानींचं नाव घ्यायचं होतं. आचार्य कृपलानींनी १९६९ साली हे सन्मान रद्द करा म्हणून लोकसभेत विधेयक आणलं होतं. किंवा मोरारजींचं, त्यांच्या सरकारने १९७७ साली ते बंदच केले होते. अर्थात मग १९९१ साली त्याच मोरारजींना भारतरत्न मिळालं, हेही तुम्हाला सांगावं लागलं असतं. टीका करायला थोडा अभ्यास लागतो, एवढंच म्हणते.

राजकारणी, नट, क्रिकेटवाले, कुठल्या राज्याला किती, हे सगळं मला ठाऊक आहे आणि त्यावर चर्चा करत बसायला मला वेळ नाही. निवड कशी होते? कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, दरवर्षी पंतप्रधान नेमतात, तिला विचारा. न निवडलेल्या नावाला कारण कळवत नाहीत हे तुमचं बरोबर असेलही, पण तो माझ्या लेखाचा विषय नव्हता.

आता शेवटचं ते. ‘पेपरात फोटो आला तो तुमचा, आक्कांचा नव्हे.’ हे वाक्य तुम्ही मुद्दाम सगळ्यात खाली ठेवलंत. वार्ताहर आला तेव्हा आक्का परसात गेल्या आणि तो जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मी काय करायला हवं होतं? ओढून आणायला हवं होतं? माझा फोटो छापा असं मी सांगितलं नव्हतं. कात्रण मी ठेवलंय, ते आक्कांचं नाव त्यात आहे म्हणून. तुम्ही त्या वेळी गावातच होतात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. असलात तर समोर येऊन बोला, घर माहीत आहे.

२५ जानेवारी २०२०ला यादी आली. एकशे एक्केचाळीस नावं. भाच्याने मोबाइलवर खाली सरकवत सरकवत दाखवली, दोनदा. राहीबाई होत्या, हिवरे बाजारचे पोपटराव पवार होते, संत्री विकून शाळा उभी करणारे हरेकळा हजब्बा होते. आक्का नव्हत्या. मी एका कार्यालयात कामाला गेले होते तेव्हा तिथल्या कारकुनाने हसत विचारलं, ‘काय बाई, दिल्लीचं तिकीट काढलं का नाही?’ त्या हसण्यात आणि तुमच्या सतरा अंगठ्यांत मला फारसा फरक दिसत नाही. कोविडमुळे त्या यादीतल्यांना प्रत्यक्ष पुरस्कार मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडलं. त्याच वेळी पुढच्या वर्षीच्या यादीतल्या सिंधुताई सपकाळांनीही तो घेतला, आणि ४ जानेवारी २०२२ला त्या गेल्या. दोन महिनेही मिळाले नाहीत. ते टीव्हीवर बघताना मी आक्कांचं वय मोजत होते.

पैसे मिळत नाहीत त्यात, रेल्वेची सवलतही नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. तुमच्या भाषेत, दाखला. तो मला आक्कांच्या घरात, त्या तांदळाच्या डब्यावरच्या भिंतीवर बघायचा आहे, आणि याला तुम्ही उद्योग म्हणा नाहीतर काही म्हणा.

तुमची प्रतिक्रिया मी मोजली. चारशे नव्वद शब्द भरली. अर्ध्याहून जास्त फॉर्म झाला असता.

या वेळी मी पुन्हा पाठवते आहे. वहीत आता दोनशे एकतीस नावं आहेत, सतरा जणी आपणहून घरी येऊन सांगून गेल्या. क्षेत्र या वेळी वैद्यक टाकणार. भाचा पुण्याला असतो, शनिवारी येईल. आक्कांनी परवा बाजारात गाठून विचारलं, ‘बाई, त्या कागदाचं काय झालं वो?’ पाच वर्षांत पहिल्यांदाच विचारलं त्यांनी. मी म्हटलं, पोस्टात आहे.