‘तीनशेची वायर, अठराशेचं बिल’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क. पण वाचणाऱ्याला पूर्ण हकिकत कळावी म्हणून इथेच लिहितो. तुमचं म्हणणं असं: नवी बॅटरी टाकूनही पिकअप सकाळी सेल्फ घेत नव्हती, आम्ही ती दिवसभर अडकवून ठेवली, एक वायर बदलून १८०० रुपये घेतले, चार दिवसांत गाडी परत बंद पडली, आणि दुसऱ्या मेकॅनिकनं डायनामो (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) गेलाय म्हणून सांगितलं.

आधी दिवसभराचं. तुमची गाडी गरम असताना कसाबसा सेल्फ उचलत होती, थंड झाल्यावर नुसती ‘टक्’ करत होती. तुम्ही ती हर्णै बंदराहून चालवत आणलीत, म्हणजे इंजिन तापलेलं. तापलेल्या इंजिनावर हा फॉल्ट सहज सापडत नाही. डिझेल इंजिन थंड असताना ऑइल जड असतं, त्यात हीटर प्लग आपला करंट खेचतात, आणि सगळा कमकुवतपणा तेव्हा उघडा पडतो. म्हणून गाडी थंड होईपर्यंत थांबलो. हे गाडी घेताना सांगितलं होतं.

आता वायर. चावी फिरवली की हेडलाइट मंद होत नव्हते, तसेच लख्ख, आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) मात्र फिरत नव्हता. बॅटरी उतरलेली असती, तर लाइट मान टाकतात. लाइट टिकतात याचा अर्थ करंट सेल्फपर्यंत जात नाही किंवा तिथून परत येत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरली आणि पोराला सेल्फ मारायला सांगितला. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं तिथे मीटरनं ३.२ दाखवले. बॅटरी ते चॅसी ठीक होतं. चॅसी ते इंजिन ही अर्थिंगची पट्टी (करंट बॅटरीकडे परत नेणारी जाड वायर) मेलेली. ती तुम्हाला हातात दिली होती, आठवत असेल. वरून बरी दिसत होती, टोकाचा लग (बोल्टात बसणारी कडी) वाकवल्यावर आतून हिरवा चुरा पडला. त्याच वेळी अ‍ॅक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागत होती. इंजिनाला अर्थ मिळत नसेल तर करंट मिळेल त्या वाटेनं परत फिरतो, आणि असली केबल जळालेल्या गाड्या आमच्याकडे येतात.

हे तुमच्याच गाडीला का झालं? मासळीच्या क्रेटमधला बर्फ वितळतो, ते खारं पाणी हौद्यातून चॅसीवर गळतं आणि थेट त्या बोल्टावर बसतं. बंदरावरच्या प्रत्येक जुन्या पिकअपची हीच रड आहे. यात ना गाडी बनवणाऱ्याचा दोष, ना तुमचा. पण आधी कुणी मीटर लावला असता तर नवी बॅटरी घ्यायची वेळ बहुतेक आली नसती. जुनी तुम्ही बदलीत देऊन टाकली होती, त्यामुळे ती खरंच गेली होती का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

बिलात केबल आणि लग मिळून ३२०. सेल्फ उतरवून, उघडून, साफ करून परत बसवायचे ७००. तो उगाच नाही उतरवला. सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा मोठा स्विच) बोल्टांवर पाना टेकवून गाडी चालू केल्याचे काळे डाग होते, त्यामुळे आतले कॉन्टॅक्ट बघणं भाग होतं. (गाडी गिअरमध्ये राहिली तर पाना टेकवणाराच चाकाखाली जातो. ड्रायव्हरला तेवढं सांगा.) सेल्फमधले कार्बन (ब्रश) निम्मे शिल्लक होते, कॉन्टॅक्ट घासून साफ केले. उरलेले ७८० फॉल्ट शोधण्याचे आणि फिटिंगचे. नवा सेल्फ गळ्यात मारणं मला सोपं होतं, अर्ध्या तासाचं काम आणि बिलही मोठं. तुमची गाडी मात्र आठवड्यात परत टक् टक् करत आली असती. ३५ स्क्वेअर एमएमची केबल टाकल्यावर तोच मीटर ०.२ वर आला आणि थंड इंजिनानं तुमच्यासमोर एका झटक्यात सेल्फ घेतला.

चार दिवसांनी जे झालं ते वेगळं दुखणं आहे. वाऱ्यामुळे होड्या बाहेर पडल्या नाहीत आणि गाडी उभी राहिली, असं तुम्हीच लिहिलंय. गाडी आमच्याकडे होती तेव्हाच सगळं बंद करून मायनसमध्ये मीटर लावला होता, तेव्हा ०.६ अँपिअर जात होते. अशा साध्या डिझेल गाडीत ०.०५ सुद्धा जास्त म्हणायचे. दिवसाला साधारण १४ अँपिअर-तास, चार दिवसांत ५७. तुमची बॅटरी ७५ची. उरलं काय? खाणारा कोण तेही दाखवलं होतं: सीटमागचा अँप्लिफायर. त्याची चालू-बंदची वायर चावीवर न देता थेट बॅटरीच्या लाइनला जोडलेली आहे, आणि त्या लाइनला फ्यूजही नाही. टेपला हात लावू नका, पोरगा चिडेल, असं तुम्ही म्हणालात. म्हणून तसं बिलावर लिहून तुमची सही घेतली. बिल खिशात किंवा डॅशबोर्डात असेल, बघा.

डायनामो बदलू नका. गाडी नेताना चार्जिंग १४.१ व्होल्ट होतं, हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.८. उतरलेल्या बॅटरीवर ढकलून गाडी चालू केली आणि लगेच तपासलं तर आकडा खाली दिसू शकतो, त्यावरून डायनामोला नाव ठेवू नये. आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, मग मोजा. उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास आलं, तर त्या मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा.

मासळी वाहणाऱ्या बाकी गाडीवाल्यांसाठी एवढंच: माल उतरला की चॅसीवर गोडं पाणी मारा. पावसाळ्याआधी अर्थचे बोल्ट सोडून खालचा गंज नि रंग खरवडा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आवळल्यावर, आधी नाही.

भाऊ, गाडी एखाद्या संध्याकाळी आमच्या दारात लावून जा, चावी ठेवा. सकाळी तुम्ही आल्याशिवाय कुणी सेल्फ मारणार नाही. केबलचं काम ढिलं निघालं तर बिलाचे सगळे पैसे परत. अँप्लिफायरला रिले (चावीबरोबर चालू-बंद होणारा स्विच) आणि फ्यूज टाकायचा असेल तर सामानाचे पैसे द्या, मजुरी नको. पोराला सोबत आणा, गाणी बंद होणार नाहीत हे त्याला दाखवतो. सोमवारी गॅरेज बंद असतं.