नशिबावर काय सोडायचं, घड्याळ आहे ना!

ओटीपी, पासवर्ड रीसेटची लिंक, सेशन टोकन (लॉगिन टिकवणारी खूण)... असलं काही बनवायला कोणालाही ओळखता न येणारा रँडम आकडा लागतो म्हटलं की तुम्ही उगाच गंभीर होता. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत खास या कामासाठी ‘सीक्रेट्स’ नावाचं मोड्यूल आहे म्हणे. त्याच्या वाटेला जाऊ नका. आपलं रोजचं ‘रँडम’ बरं. त्याचे ३२ बिटांचे ६२४ आकडे ओळीनं टिपले, की पुढचा प्रत्येक आकडा आधीच सांगता येतो, हे खरं. पण एवढी चिकाटी कुठल्या माणसात असते? (स्क्रिप्टमध्ये असते, पण तो विषय वेगळा.)

सीड (ज्यावरून पुढचे सगळे आकडे निघतात तो सुरुवातीचा आकडा) हवं? घड्याळाकडून घ्या. १९९९मध्ये ऑनलाइन पोकरच्या एका सॉफ्टवेअरनं हेच केलं. पत्ते पिसताना मध्यरात्रीपासून उलटलेले मिलिसेकंद हेच सीड. ५२ पत्ते किती क्रमांनी लागू शकतात ते लिहायला ६८ आकडी संख्या लागते. यांनी ते ८ कोटी ६४ लाखांत आटोपलं. वर, खेळ किती चोख आहे हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून पिसण्याचा कोडही जाहीर करून टाकला. मग काही अभ्यासू मंडळींनी आपलं घड्याळ सर्व्हरशी जुळवलं. उरल्या दोनेक लाख शक्यता. हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते बघायचे, की सगळ्यांचे डाव उघडे. पारदर्शक कारभार म्हणतात तो हा.

घड्याळही नको असेल तर सोनीचा कित्ता गिरवा. प्लेस्टेशन ३च्या सॉफ्टवेअरवर डिजिटल सही करताना दर वेळी नवा गुप्त आकडा लागतो. त्यांनी एकच ठेवला. दोन सह्या शेजारी मांडून त्यांची खाजगी किल्ली (सहीमागचं मूळ गुपित) कशी काढायची, याचं प्रात्यक्षिक डिसेंबर २०१०मध्ये बर्लिनला झालं.

आणि कोडमधली ओळ कळत नसेल तर सरळ उडवा. २००६मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीतल्या ओपनएसएसएलवर (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवणारं सॉफ्टवेअर) व्हॅलग्रिंड (मेमरीतल्या चुका शोधणारं टूल) कुरकुर करत होतं. ओळी काढू का, असं रीतसर विचारलं गेलं; डीबगिंगला मदत होत असेल तर काढा, असं उत्तरही आलं. काढल्या. कुरकुर थांबली आणि सीडमध्ये जाणारा मालमसालाही. उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमला मिळणारा क्रमांक), म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता. तरी मे २००८पर्यंत किल्ल्या बनत होत्या, लॉगिन होत होतं, सगळ्या टेस्ट हिरव्यागार. कच्चा आकडा दिसायला पक्क्यासारखाच दिसतो, त्यामुळे क्यूएवाले (टेस्टिंगची मंडळी) तुमच्या वाट्याला जाणार नाहीत.

पुढं कधी बोभाटा झालाच तर पॅकेज अपडेट करा आणि हात झटका. सर्व्हरवरच्या जुन्या किल्ल्या अपडेटनं बदलत नाहीत, असं कोणी टुमणं लावलं, तर त्याला चेंज रिक्वेस्ट टाकायला सांगा. मंजुरी येईपर्यंत तुम्ही दुसऱ्या कंपनीत असाल.