जंतूंची शिकवणी कशी घ्यावी

औषधाला दाद न देणारे जंतू घडवायला प्रयोगशाळा लागते असं तुम्हाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी आणि थोडी घाई, एवढ्या भांडवलावर शिकवणी सुरू होते.

श्रीगणेशा सर्दीनं करा. सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंचं काही वाकडं करू शकत नाही, असं कुणी सांगू लागलं तर मान डोलवा आणि गोळी घ्या. सर्दी आपल्या वेळेनं जाईलच, श्रेय गोळीला द्या. इकडे पोटातल्या जिवाणूंची परीक्षा होऊन जाते. नापास होतात ते मरतात. पास होतात ते मोकळ्या मैदानात वाढतात, आणि सोयीची जागा मिळाली तर काही वीस मिनिटांत दुप्पट होतात. वर त्यांच्यात कॉपीला बंदी नाही. औषधाला पुरून उरायचा धडा लिहिलेलं, प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटंसं कडं परजातीच्या जिवाणूलाही बिनदिक्कत देतात. (जात न पाहता ज्ञानदान! शिकावं तेवढं थोडं.)

मात्रेत आपली अक्कल जरूर चालवा. डॉक्टरांनी तीनदा सांगितली असेल तर एकदा घ्या. जंतू मरतील इतकं औषध द्यायचं नसतं, शिकतील इतकंच द्यायचं असतं. ही युक्ती माझी नव्हे. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानात ती साद्यंत सांगितली आहे. एका गृहस्थांचा घसा दुखतो, ते मनानंच अपुरं पेनिसिलिन घेतात, त्यांच्या घशात शिकून तयार झालेले जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. फ्लेमिंग यांना हा इशारा वाटला होता. आपण तो पाककृतीसारखा वाचला.

जनावरांना वगळू नका. आजारी जनावरालाच औषध द्यावं हा कोता विचार झाला. ठणठणीत कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात रोज चिमूटभर घाला, वजन वाढतं. युरोपीय संघानं २००६ पासून वजनासाठी हे घालणं बंद केलं, त्यांचं ते बघतील. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध. ते डुकरांना खुशाल खिलवलं गेलं, आणि २०१५ साली चीनमध्ये त्याला दाद न देणारं जनुक चक्क प्लाझ्मिडवर सापडलं. जनावरांत, मांसात आणि रुग्णांतही.

उरलेलं काम सांडपाणी करतं. पोटात गेलेल्या औषधाचा बराच भाग तसाच बाहेर पडतो. घरचे, गोठ्यातले, रुग्णालयातले जंतू नदीत एकत्र येतात. वार्षिक स्नेहसंमेलनच ते.

निकाल? २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी जगभरात थेट सुमारे १२.७ लाख माणसं मारल्याचा अंदाज आहे. १८ ते २४ नोव्हेंबर हा जागृतीचा आठवडा असतो, तेवढा गप्प बसून काढा. बाकीचे एकावन्न आपलेच.

आणि हो, त्या पाकिटातल्या उरलेल्या तीन गोळ्या जपून ठेवा. शेजारचं बाळ कालपासून खोकतंय.