गोणीचं वजन कुणाच्या पाठीवरून ठरवायचं?

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात ५० किलोंहून जड गोणी उचलणार नाही, ही माथाडी कामगारांची भूमिका अधूनमधून बातम्यांत येते. काम थांबतं, बैठक होते, तोडगा निघतो आणि काही दिवसांनी गोण्या पुन्हा फुगतात. माझा मावसभाऊ आडत्या आहे. परवा फोनवर म्हणाला, "दादा, अरे त्यांना सवय असते. पूर्वी तर क्विंटलची गोणी एकटा गडी न्यायचा."

मी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर आहे. पहिल्याच वर्षी रस्त्याच्या कडेला कर्ब, म्हणजे काठाचे ठोकळे, बसवत होते. एक ठोकळा सरकलेला दिसला म्हणून मी वाकून हात घातला. पासष्टेक किलोंचा तो ठोकळा. मुकादम ओरडलाच. मग दोघांनी मिळून धरायचा लांब दांड्यांचा चिमटा आला. ठोकळा उचलून जागेवर बसला, तेव्हा दोघेही जवळजवळ ताठ उभे होते. तो चिमटा मी अजून विसरलेलो नाही. 'नीट वाका' असं सांगत बसण्याऐवजी कुणीतरी दांडाच लांब केला होता. एर्गोनॉमिक्स, म्हणजे माणसाच्या शरीराला साजेशी कामाची मांडणी, म्हटलं की आपल्याकडे ऑफिसातली महागडी खुर्ची डोळ्यांपुढे येते. मला हा चिमटा आठवतो.

सिमेंटची गोणी इथे २५ किलोंची असते. ५० किलोंची गोणी जुन्या गवंड्यांना आठवते. ओझं हाताळण्याचे नियम १९९२ चे. त्यांत वजनाची सक्तीची मर्यादा नाही, पण सरकारी मार्गदर्शनात पुरुषासाठी २५ किलो हा आकडा आहे, तोही ओझं कमरेच्या उंचीवर आणि अंगालगत असेल तरच. खांद्याच्या वर न्यायचं असेल तर तोच आकडा १० वर येतो. आता माथाडी या शब्दातच माथा आहे. चुंबळीवर किंवा पाठीवर ५० किलो घेणाऱ्या माणसाला हे आकडे कुठे बसवणार?

ओझं अंगापासून लांब गेलं की वजन तेच राहतं, कण्यावरचा भार मात्र वाढतो. पाठीचे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाचेक सेंटिमीटरवर ओढ घेतात आणि ओझं त्याच्या कितीतरी पट लांब असतं. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेच्या ओझं उचलण्याबद्दलच्या १९९१ च्या सूत्रात उत्तम परिस्थितीतली मर्यादा २३ किलो आहे. ओझं २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर धरलं की ती निम्मी होते. वळावं लागलं, खेपा वाढल्या, की आणखी खाली. सवयीने स्नायू कणखर होतात, तोल साधतो, हे खरं. मणक्यांमधल्या चकत्या मात्र सवयीने पोलादाच्या होत नाहीत. मावसभावाला मी हेच सांगितलं. "अरे, ज्यांची कंबर गेली ते बाजारात येणं बंद करतात. तुला दिसतात ते टिकलेले."

त्याचा पुढचा मुद्दा मात्र मला सोडून देता येत नाही. गोणी लहान केली तर बारदाना वाढतो, खेपा वाढतात, शेतकऱ्याचा खर्च वाढतो. बरोबर आहे. दिवसाला तेवढाच माल हलवायचा असेल तर नुसती गोणी निम्मी करून पाठ पुरती सुटत नाही, कारण वाकणं दुप्पट होतं. म्हणून ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा ओटा हवा, हातगाडी जाईल अशी सपाट वाट हवी, जमिनीवरून उचलण्याची वेळच कमी यायला हवी. आणि जिथे हमाली गोणीमागे मोजतात, तिथे गोणी फुगवण्यातच फायदा आहे. दर वजनावर धरला तर ठासून भरण्याचं कारणच उरत नाही.

इथे इंग्लंडमध्ये सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. गोदामांत पार्सलं हलकी असतात, पण वेग असा की हात थांबत नाहीत, आणि मनगट, खांदे दुखतच राहतात. पण वाद आकड्यांवर आणि मांडणीवर होतो. 'त्याला सवय आहे' हे उत्तर साइटवर कुणी देत नाही.

आपल्याकडे १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांनी या माणसांना संघटित केलं, मंडळं उभी राहिली, मजुरीला हिशोब आला. ज्या मंडळात हमालीचा दर ठरतो, त्याच टेबलावर गोणीचं वजन आणि ओट्याची उंचीही ठरवता येईल. मावसभाऊ म्हणाला, "दर क्विंटलवर लावायचं मी बोलून बघतो, ओट्याचं मात्र समितीच्या हातात आहे." पुढच्या महिन्यात मी येतोय. त्याच्या गाळ्यापुढे ट्रक लागतो तिथली उंची आधी मोजून घेणार आहे.